थोरलीला तलवार फुटली

गेल्या साली मलेरियावाले आमच्या चाळीच्या हौदात गप्पी मासे सोडून गेले, तेव्हापासून मी कळशी घेऊन हौदावर गेले की कळशी बाजूला राहते आणि मी कठड्यावर बसून पाण्यात बघत राहते. इथं वापीला कुणाला वेळ नसतो. शेजारची भाभी हसून विचारते, मावशी, पाण्यात काय हरवलं? काही हरवलं नाही. मी पोटं बघते. गप्पीच्या मादीला शेपटीकडच्या बाजूला पोटाखाली एक काळी तीट असते. ती गडद होत गेली, पोट चौकोनी दिसायला लागलं, की ओळखायचं पिल्लं आज-उद्याला आली. हा मासा अंडी घालत नाही, पोहती पिल्लं टाकतो. हे मला शाळेनं शिकवलं नाही. शाळा माझी सातवीतच सुटली. हे मी भिगवणच्या अलीकडं, जिजीच्या टाक्यांवर शिकले. ते लिहून ठेवावं असं फार दिवस मनात आहे, आणि लिहायला बसलं की हात थांबतो. त्या घरातलं कुणी वाचलं तर? कुणाच्या मनाला लागलं तर? त्यांचं मीठ मी खाल्लेलं आहे. म्हणून आधीच सांगते, मी तक्रार करत नाही. त्या घरानं मला दोन वेळ पोटभर घातलं, आणि माझ्या आयुष्यात तोवर ते कुणाला जमलं नव्हतं.

माझं गाव बालाघाटाच्या डोंगरात, बीडकडं. आई-बाप दर साल कोयता घेऊन इंदापूर-बारामतीच्या उसात यायचे आणि आम्ही पोरं पाचटाच्या कोपीत वाढायचो. एका हंगामाच्या शेवटी टोळी परत निघाली, तेव्हा मुकादमानं बापाला सांगितलं, ‘पोरगी हितंच ऱ्हाऊ द्या. माशाच्या टाक्या हायेत, चांगलं घर हाय, खाऊनपिऊन ऱ्हाईल.’ बाप जिजीच्या ओट्यावर उकिडवा बसला. जिजी म्हणजे त्या घरची मालकीण, विधवा, गोरी, हातभर हिरव्या बांगड्या जाऊन तिथं आता रबराचा एक काळा पट्टा होता, कशासाठी ते कधी कळलं नाही. बाप म्हणाला, ‘जिजी, पोर तुमच्या पदरात. फकस्त न्हातीधुती झाली की सांगावा धाडा. मुकादमाच्या पुतन्याला द्यायची ठरलीय.’ जिजीनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. ‘हिला येळ हाय अजून,’ ती म्हणाली. मला त्या वाक्याचा अर्थ नीट कळला नाही, पण एवढं कळलं की ती वेळ म्हणजे माझं ह्या घरातलं राहणं. त्या दुपारी चिलापीचं कालवण होतं. उजनीच्या पाण्याची चिलापी, जिजीनं विळीवर जिवंतच धरून चिरलेली. तिचे कल्ले ताटात पडल्यावरही हलत होते. ज्वारीच्या भाकरी मी किती खाल्ल्या ते मोजायला कुणी नव्हतं. आजही कालवणाचा वास आला की मला आधी तोंडाला पाणी सुटतं आणि मग ते हलणारे कल्ले दिसतात, दोन्ही एकामागोमाग.

घर हायवेच्या आत, शेतात. पुढं ओटा, मागं गाईचा गोठा, आणि गोठ्याच्या पलीकडं हिरव्या जाळीच्या सावलीखाली सिमेंटच्या टाक्या. हवेची मोटर कायम चालू असायची, सगळ्या टाक्यांतून भुडभुड भुडभुड आवाज, आणि त्यावरून हायवेच्या ट्रकांचा घरघराट. सुरुवातीला त्या आवाजात झोप यायची नाही. नंतर लाईट गेली आणि भुडभुड थांबली की दचकून जाग यायची. जिजीचा मुलगा, त्याला आम्ही सगळे दादाच म्हणायचो, शोभेच्या माशांचा धंदा करायचा. प्लास्टिकच्या पिशव्यांत मासे भरून बारामतीच्या दुकानांना पोचवायचा, कधी पुण्याला. दादा बोलायला कमी. आईपुढं तर त्याचा आवाज हवेच्या मोटरीपेक्षा खाली असायचा. रोज सकाळी पिल्लांसाठी अंडी उकडायची. पिवळा बलक फडक्यात बांधून पाण्यात पिळायचा, तो धुरासारखा पसरायचा आणि डोळ्याच्या बाहुलीएवढी पिल्लं त्यावर तुटून पडायची. उरलेलं पांढरं मला. रोजचं, न चुकता. आमच्या कोपीत अंडं आजारी माणसाला मिळायचं, म्हणून मला फार श्रीमंत झाल्यासारखं वाटायचं. पिवळ्याची चव कशी असते ते मी विसरून गेले होते आणि त्याचं मला काही वाटत नव्हतं.

काम शिकवलं शालनताईनं. ती बौद्ध वस्तीवरून चालत यायची, तिशीची बाई, एक पोरगा पदरात, आणि जीभ अशी की दादासुद्धा तिच्या टाकीपासून जरा लांबूनच जायचा. तिचा चहाचा कप जाळीच्या खांबाला खिळ्यावर अडकवलेला असे. माझा घरातल्या मांडणीत. तेव्हा मला त्या फरकाचं बरं वाटायचं, आता सांगायला लाज वाटते. काम होतं निवडायचं. तलवार नावाचा मासा होता, लाल भडक. नराच्या शेपटीच्या खालच्या कडेला लांब टोक निघतं म्हणून तलवार. लहानपणी नर-मादी सारखीच दिसतात. पोटाखाली मागच्या बाजूला एक पर असतो, तो दोघांनाही पंख्यासारखा. मग दोन-तीन महिन्यांत नराचा तो पंखा मिटत जातो, बारीक होतो, टोकदार काडी होते. त्याच्यानंतर तलवार. काडी फुटली की तो नर झाला. त्या दिवसापासून तो माद्यांच्या मागं लागतो, आणि एकदा लागला की मादी कामातून गेली. एका वेळचं बी ती पोटात साठवते आणि त्याच्यावर महिन्या-महिन्यानं पिल्लं टाकत राहते, नर जवळ असो वा नसो. म्हणून काडी फुटायच्या आत निवडायचं. एकेक मासा काचेच्या ग्लासात घ्यायचा, उजेडाला धरायचा, बाजूनं बघायचा.

‘पंखा हिकडं, काडी तिकडं,’ शालनताई म्हणायची. ‘आन डोळं मिटून टाकलीस तर जिजी आपल्यालाच पिशवीत भरून बारामतीला इकंल.’

‘आपल्याला कोण घेईल?’

‘मला न्हाय घेणार. तुला घेतील. उंच हायेस, काचंच्या पेटीत शोभशील.’

ज्या माद्यांना नराचं वारंही लागलेलं नाही त्यांना आम्ही कोऱ्या म्हणायचो. कोऱ्यांची टाकी वेगळी, कोपऱ्यातली, वर लाकडी चौकटीची जाळी. दादानं चेन्नईहून काळ्या शेपटीचा एक नर मागवला होता, तो प्रवासात झुरून आला होता, पर फाटलेले. तो सावरला की कोऱ्यांत सोडायचा आणि आपल्या घरची नवी जात काढायची, असं दादाच्या मनात होतं. घरात त्या टाकीबद्दल बोलताना जिजी आवाज असा ठेवायची जसा लग्नाच्या मुलींबद्दल ठेवतात.

आणि त्या जाळीखाली जिजीचा एक नेम होता. महिन्याच्या अडचणीतली बाई टाक्यांना हात लावणार नाही. दारातच सांगायचं, ‘आज बाजूला,’ आणि गोठ्याच्या पडवीत बसून खाद्य चाळायचं, पिशव्या मोजायच्या, मजुरी अर्धी. जिजीचं म्हणणं, तसल्या हातानं पाणी बाटतं आणि पिल्लं उताणी होतात. दादाची बायको, वहिनी, तीसुद्धा चार दिवस पडवीत असायची, तिचं ताट तिच्यासमोर जमिनीवर सरकवलेलं मी पुष्कळदा बघितलं. म्हणजे महिन्यातले कुठले ना कुठले दिवस कुणी ना कुणी बाजूला, आणि एक हात मात्र रोज चालणारा. माझा. म्हणून पिल्लांच्या टाक्या जिजीनं माझ्याकडं दिल्या. आल्यागेल्याला ती कौतुकानं दाखवायची, ‘ह्या पोरीचा हात कोरा हाय. हिच्या टाकीत पिल्लू मरत न्हाय.’ आणि माणूस गेलं की मला म्हणायची, ‘कौसे, उंटावानी वाढलीस नुसती. देवानं शिवली खरी, आस्तर लावायचं इसरला.’ बायका हसायच्या. मीही हसायचे. मला वाटायचं, आस्तर न लावो. रोज सकाळी उठून मी आधी चादर बघायचे आणि मग देवाला हात जोडायचे. जिजीही बघायची. मी धुणं वाळत घातलं की ती दोरीखालून सावकाश एक फेरी मारायची, कपड्यांना हात न लावता, तीट बघत मादीभोवती फिरावं तशी.

कोऱ्यांच्या टाकीत एक सगळ्यांत मोठी होती. तिला मी थोरली म्हणायचे. आम्ही जुन्या मोठ्या नराच्या टाकीतून जी पिल्लं काढून निवडली, त्यांत ती वयानं सगळ्यांएवढीच, पण अंगानं दीडपट. काचेच्या ग्लासात तिला धरलं तेव्हा पंखा स्वच्छ पसरलेला, मी आणि शालनताई दोघींनी बघितला. मादी. पण पोटावर तीट मात्र नाही. ‘व्हईल सावकाश,’ शालनताई म्हणाली. ‘समद्यांची येळ एक नसती.’ एकदा कोऱ्यांत टाकल्या की त्यांना पुन्हा बाहेर काढायचं नाही, अंगावरचे खवले दुखावतात असा दादाचा हुकूम. पाणी शेवाळानं हिरवं, बघायचं ते वरून. वरून मासा म्हणजे नुसती पाठ. थोरलीची पाठ मी लांबून ओळखायचे. ती खाद्याला पहिली यायची, बाकीच्यांना हुसकायची, एखादीच्या मागं टाकीभर फिरायची. मला वाटायचं, मोठी आहे, दादागिरी करते. माझ्यासारखीच उंच आणि बिनआस्तराची, म्हणून तिच्यावर माझा जीव होता. तिच्यापाशी वाकून मी पुटपुटायचे, घाई करू नकोस.

मला मात्र आस्तर लागलं. पिल्लांच्या टाकीत कोपरापर्यंत हात घालून मी तळाचा गाळ नळीनं ओढत होते आणि पोटात कळ आली. आधी वाटलं, काल रात्रीची शिळी भाजी. मग परकराला मागं ओलं लागलं. मी तशीच टाकीच्या कडेला टेकून उभी राहिले, हात पाण्यात. बाहेर काढले तर कुणी विचारेल का काढले. समोर पिल्लं पोहत होती. मी त्यांच्याकडं बघत राहिले, आता उताणी होतील, आता होतील. शालनताई पलीकडून आली, तिनं माझा चेहरा बघितला, मागं बघितलं, आणि आपल्या पदरानं मला झाकत संडासाकडं घेऊन गेली. जाताना जिजीला ऐकू जाईल असं मोठ्यानं ओरडली, ‘घसरली बया गाळात! सांगत व्हते शेवाळ हाय म्हनून!’

तिनं आपल्या पिशवीतली फडक्याची घडी दिली. कशी घ्यायची ते दाखवलं. मी रडत होते. ‘जिजीला सांगू नका. बापाला सांगावा जाईल.’

‘कोन सांगतंय? गप ऱ्हा.’

‘पन पिल्लं मरतील की.’

‘का मरतील?’

‘पानी बाटतं.’

‘पान्याला नाक हाय व्हय वास घ्यायला?’ ती म्हणाली. ‘आमच्या आज्जीनं घरातलं देव फडक्यात बांधून नदीत सोडलं, त्यासंगं ह्ये बाजूला बसायचंबी सोडलं. मी हितं बाजूला कवा बसते ठावं हाय का? पोरगं तापलं की. त्येला ताप आला की मला अडचन येती. बाकी म्हैनाभर हात पान्यातच असतो. मेलं का एक तरी पिल्लू?’

मला हसू आलं, रडता रडता. त्या वेळी, आणि पुढच्या महिन्यातही, मी दारात काही न बोलता जाळीखाली गेले, पिल्लांना बलक पिळला, गाळ ओढला. पिल्लं जगली. घड्या शालनताई आपल्या घरी नेऊन धुऊन आणायची, जिजीच्या दोरीवर काही दिसू नये म्हणून. एवढं माझ्या आईनंही माझ्यासाठी केलं नव्हतं. करायला ती जवळ कुठं होती.

आणि एका सकाळी कोऱ्यांच्या टाकीत पिल्लं निघाली. वहिनीनं पहिल्यांदा बघितली, शेवाळाच्या कडेला लाल ठिपक्यांसारखी. दादा धावत आला, त्यानं एक मादी ग्लासात धरली, तीट काळीभोर. दुसरी धरली, तीही. तिसरी. चेन्नईचा नर अजून आपल्या पेटीतच होता. दादानं ग्लास जमिनीवर आपटला. ‘नर कुनी टाकला ह्यात?’

जिजी ओट्यावरून उठून आली. तिनं टाकीत वाकून बघितलं, बराच वेळ. घरातली मुलगी पोटुशी निघाल्यावर एखादी आई जशी आवाज न चढवता बोलेल तशी ती बोलली. ‘नर न्हाय, नरडं न्हाय, आन पोटं आली. टाकी बाटली.’ मग मान न वळवता, ‘शालन, हिकडं ये.’

‘काय, जिजी?’

‘बाजूला कवा बसली व्हतीस?’

‘बसते की.’

‘कवा? सुनंचं दीस मला पाठ हायेत, तुझं मला सापडत न्हाईत. तुमच्यात पाळत न्हाईत, मला म्हाईत हाय. तुमच्या घरी काय बी करा. माझ्या पान्यात करायचं न्हाय.’

शालनताईनं हात पदराला पुसले. ‘जिजी, मासळीच्या पोटात पिल्लू मासळ्यामुळं येतं. बाईच्या अडचनीमुळं आलं असतं, तर तुमच्या सुनंला आज धा लेकरं असती.’

वहिनी दारात खाद्याची ताटली घेऊन उभी होती. तिनं ताटली तोंडापुढं धरली. जिजीचा हात उठला आणि खाली आला. मारलं नाही, तिनं खांबावरचा शालनताईचा कप काढला आणि सिमेंटवर टाकला. चिनी मातीचा नव्हता, स्टीलचा होता, फुटला नाही; गडगडत गोठ्यापर्यंत गेला. ‘टाकी रिकामी कर,’ जिजी म्हणाली. ‘समदी भायेर टाक, आन मग चालू लाग.’

‘मासं तुमचं, पानी तुमचं. तुमीच टाका,’ शालनताई म्हणाली. कप उचलला, पिशवी घेतली आणि जाळीबाहेर गेली. माझ्याकडं बघितलंही नाही. मला वाटतं, माझ्याकडं बघितलं तर माझं नाव तिच्या चेहऱ्यावर येईल, असं तिला वाटलं असावं.

दादा म्हणाला, ‘आई, बारामतीला साध्या भावात जातील की.’

‘बाटलेलं इकून पैसं आनतोस घरात?’ जिजी म्हणाली. ‘कौसे, तुझा हात कोरा हाय. तू टाक.’

मी टाकल्या. हातजाळी भरून भरून, उन्हानं तापलेल्या फरशीवर. लाल मासे उड्या मारत होते आणि फरशीला चिकटत होते. बगळे कुठून आले कोण जाणे, आधी दोन, मग ओळच्या ओळ; जिजीनं त्यांना हाकललं नाही. एकेक पोट फुगलेली मादी चोचीत आडवी धरून, उलटी करून, गिळत होते. हलकं होण्यासाठी काही माद्या तिथंच पिल्लं टाकत होत्या, फरशीवर, थेंब वाळावा तशी ती वाळत होती. मी हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आमच्या चाळीत मासळी येते तेव्हा मी दार लावून घेते, वासासाठी असं सांगते.

शेवटच्या जाळीत थोरली आली. तिला फरशीवर टाकणं माझ्यानं झालं नाही. मी तिला ओंजळीत घेतलं, आणि ती उलटी झाली. पोटाखाली पंखा नव्हता. काडी होती. टोकदार, पुढं वळणारी. आणि शेपटीच्या खालच्या कडेला, नखाएवढी, काळ्या काठाची तलवार.

‘दादा,’ मी म्हणाले.

दादानं ओंजळीत बघितलं आणि हसला. त्या दिवसात पहिल्यांदाच. ‘आयला! उशिराचा नर! मोठ्या नराच्या टाकीत दबून ऱ्हायला हुता, हितं आला आन फुटला. आई, ह्यो बघ. एवढा मोठा नर आपल्याकडं कवा झालाच न्हाय. ह्येचीच जात काढायची.’ त्यानं स्वतःच्या हातानं काचेची पेटी धुतली, घरात मांडणीवर ठेवली, माझ्या कपाशेजारी, आणि थोरलीला तिच्यात सोडलं. वहिनीनं पेटीला हळदीकुंकवाचं बोट लावलं. थोरली तिथं फिरायला लागली, पर ताठ, जसं काही झालंच नाही.

मी जिजीजवळ गेले. फरशीवर बगळ्यांचं अजून चाललं होतं. ‘जिजी, मंग शालनताईचा काय दोष? नरच हुता टाकीत. बोलवा तिला.’

‘नर असंल न्हायतर काय असंल. पाळत न्हाय ती. आज न्हाय तर उद्या पिल्लं मारली असती.’

‘न्हाय मरत पिल्लं.’

‘तुला काय कळतंय?’

मला माहीत होतं की पुढचं वाक्य तोंडातून गेलं की माझं काय होणार. शालनताई इतका वेळ बांधावर बसून राहिली होती, आत्ता कुठं उठून निघाली होती, पिशवी खांद्याला, कप हातात. तिला हाक पोचेल एवढी ती जवळ होती. ‘मी बी न्हाय पाळलं, जिजी,’ मी म्हणाले. ‘दोन बारी झाली. हात पान्यातच व्हता माझा. एक बी पिल्लू मेलं न्हाय, तुमी बघा.’

मी मार खायला तयार होते. जिजीनं मारलं नाही. तिचा चेहरा एकदम मऊ झाला. तिनं माझ्या हनुवटीला हात लावला आणि आतल्या बाजूला हाक दिली, ‘सूनबाई, गूळ आन गं. कौसा न्हातीधुती झाली. दादा, हिच्या बापाला सांगावा धाड.’ मग मला म्हणाली, ‘जा, पडवीत बस. कशाला हात लावू नको.’ शालनताईला हाक कुणी मारली नाही. ती वळणावर गेली.

संध्याकाळी दादा बारामतीला माल पोचवायला गेला. तो गेल्यावर जिजीनं गोठ्यातून गोमूत्राची बादली आणली. मी पडवीतून बघत होते. तांब्यानं तांब्यानं तिनं माझ्या पिल्लांच्या सगळ्या टाक्यांत ते ओतलं, तोंडानं काही म्हणत, प्रत्येक टाकीपुढं हात जोडत. मनापासून करत होती, हेही सांगायला पाहिजे. सकाळी टाक्यांवर पांढरी साय आल्यासारखं दिसलं. ती पिल्लं होती, उताणी. जिजीनं मला हाताला धरून नेलं. विटाळाला तेव्हा तिनं काही मानलं नाही. धरून नेलं आणि पाण्यावर वाकवलं. ‘बघ,’ ती म्हणाली. रागानं नाही, समजावून सांगितल्यासारखं. ‘मरत न्हाईत म्हनत व्हतीस. उशिरा मरतात, पन मरतात. पाप कुनाचं ते बघ.’

दादा आला तेव्हा त्यानं एक बोट पाण्यात बुडवलं आणि नाकाशी नेलं. तो काय समजला ते मला आज कळतं. आईकडं बघितलं, माझ्याकडं बघायचं टाळलं, आणि जाऊन हवेची मोटर बंद केली. भुडभुड थांबली. इतकं गप्प ते घर मी कधी ऐकलं नव्हतं. तो एक शब्द बोलला असता तर मी कितीतरी वर्षं हलकी राहिले असते. माझ्या पहिल्या बाळंतपणात मूल गेलं, तेव्हा मला आधी त्या टाक्याच दिसल्या, आणि नर्सबाईला मी विचारलं होतं, माझ्या हाताचं काही असेल का. ती म्हणाली, कसला हात? मला सांगता आलं नाही.

बाप आला. मुकादमाकडं तारीख ठरलेलीच होती. माझं वय किती, हे त्या ओट्यावर कुणी काढलं नाही. जिजीनं मला पाटावर बसवलं, नवं लुगडं दिलं, वहिनीकडून खणानारळानं ओटी भरवली, हातात हिरव्या बांगड्या मात्र, विधवेनं चढवू नयेत तरी, स्वतः चढवल्या, हळूहळू, कुठं दुखू नये म्हणून तेल लावून. पुढं लग्न झालं, बारशी झाली, तरी एवढ्या मायेनं मला कुणी सजवलं नाही. बाप डोळे पुसत होता. ‘जिजी, तुमचे उपकार कसे फेडू?’ म्हणत होता. मांडणीवर पेटीत थोरली फिरत होती; तलवार आता बोटभर झाली होती. दादानं तिला नवं नाव ठेवलं होतं, राजा. मला ती थोरलीच दिसत होती.

निघताना जिजीनं फडक्यात बांधलेलं काही हातात दिलं. उकडलेलं अंडं, सोललेलं, अख्खं. ‘वाटंत खा,’ ती म्हणाली. ‘आता पिवळं कुनाला चारायचं हाय?’

मी वाकून तिच्या पायावर डोकं ठेवलं. आत काही ठेवून नाही, अगदी मनापासून ठेवलं. आजही समोर आली तर ठेवीन, आणि ह्याचाच मला आता राग येतो.

एस्टीत खिडकीजवळ बसले. एका बाजूला उजनीचं पाणी चमकत होतं, त्यात बगळे उभे. मी फडकं सोडलं आणि सवयीनं आधी पांढरं खाल्लं, सगळं, कडेकडेनं. पिवळा गोळा तळहातावर राहिला. भिगवण मागं पडलं, पाणी संपलं, तरी मी तो तसाच धरून होते. बापानं विचारलं, ‘कुनासाठी ठेवलंयस?’ मला सांगता येईना. ‘खा की गं,’ तो म्हणाला. मी खाल्लं. कोरडं होतं. घशाखाली उतरेना, आणि आमच्याजवळ पाणी नव्हतं.